धुताना जेलचे ठिपके सुटून येतात? आधी काचेवर काय उरलंय ते बघा

लक्षण असं असतं. जंतू ओळखण्यासाठी काचेच्या स्लाइडवर जेलचे बारीक ठिपके छापून होतात, यूव्ही दिव्याखाली घट्ट होतात, सूक्ष्मदर्शकाखाली गोल आणि एकसारखे दिसतात. नमुना घालून स्लाइड रात्रभर दमट डबीत ठेवली जाते. सकाळी पहिलं धुणं होतं आणि बारा बाय बाराच्या मांडणीतली एक अख्खी बाजू रिकामी झालेली असते. धुण्याच्या ट्रेमध्ये भिंगातून बघितलं, तर सुटलेले ठिपके तळाशी लोळताना दिसतात, भिजलेल्या सब्जासारखे. पुढच्या आठवड्यात तीच कृती, तीच माणसं, आणि एकही ठिपका हलत नाही. मग पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

या दुखण्याने आमचे दोन पावसाळे खाल्ले. बेळगावात आम्ही दुधातून कासदाहाचे जंतू ओळखणारा ॲरे (एका स्लाइडवर ओळीने मांडलेले चाचणीचे ठिपके) बनवतोय. गावाकडे ज्याला दगडी म्हणतात तो हा आजार. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टी, ई. कोलाय, यांतला कोण कासेत बसलाय त्यावर औषध ठरतं. संवर्धन करून जंतू ओळखायला दिवस-दोन दिवस जातात आणि तेवढ्यात म्हशीचं एक सड कायमचं बंद पडू शकतं. म्हणून प्रत्येक जंतूचा डीएनए प्रोब (त्याच जंतूचा डीएनए ओळखून धरणारा आखूड तुकडा) जेलच्या एकेका ठिपक्यात बांधायचा आणि एकाच स्लाइडवर सगळ्यांची झडती घ्यायची, असं हे काम आहे. ठिपका सुटला की त्या जागी उत्तर 'जंतू नाही' असं वाचलं जातं. तो जंतू कासेत असला तरीही. त्यामुळे हा दोष वरवरचा समजून चालत नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या कॉलेजांत कोणी असलं काम करत असेल, तर त्यांचा तरी वेळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ठिपका कशाने धरलेला असतो

हे डोक्यात नीट बसलं की निम्मं निदान तिथेच होतं. काच आणि जेल यांचं मुळात जमत नाही. पॉलिॲक्रिलमाइड असो की पीईजी डायॲक्रिलेट, जेल म्हणजे पाण्याने फुगलेली धाग्यांची जाळी. कोऱ्या काचेवर ती नुसती बसलेली असते, बांधलेली नसते. बांधण्याचं काम सिलेन करतं. ट्रायमिथॉक्सीसिलिल प्रोपिल मिथॅक्रिलेट या रेणूचं एक टोक काचेच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना धरतं आणि दुसऱ्या टोकाचा मिथॅक्रिलेट जेल तयार होत असतानाच त्याच्या साखळीत ओवला जातो. काच, सिलेन, जेल, अशी तीन दुव्यांची ही साखळी. ठिपका सुटला म्हणजे यातला कुठला तरी एक दुवा तुटला. कुठला, ते काच सांगते.

पृष्ठभागावर सपाट प्रोब चिकटवण्यापेक्षा जेल परवडतं ते त्याच्या जाडीमुळे. मॉस्कोच्या एंगेलहार्ट संस्थेत आंद्रेई मिर्झाबेकोव यांच्या गटाने पॉलिॲक्रिलमाइडच्या सूक्ष्म गाद्यांवर डीएनए बसवून हे तंत्र उभं केलं. साधारण 100 मायक्रोमीटर लांब-रुंद आणि 20 मायक्रोमीटर जाड अशा त्या गाद्या होत्या. तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त प्रोब मावतो, आणि तो पाण्यात मोकळा राहतो. पण जी जाडी कामाची, तीच धुताना ओढ देते. जेल सुटण्याचा धोका तिथूनच येतो.

काच वाचायची कशी

स्लाइड फेकू नका. सुटलेली जागा ओलीच असताना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि बारीक सुईने शेजारच्या, अजून टिकलेल्या ठिपक्याला कडेने हळूच ढकला. जेलच्या मिश्रणात थोडा चमकणारा रंग लावलेला प्रोब आधीच घातलेला असेल, तर फारच सोपं जातं. आम्ही आता प्रत्येक ठिपक्यात तो घालतो, म्हणजे धुण्याआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून मोजता येतं.

ठिपका अख्खा, चकतीसारखा सरकला आणि खाली काच लख्ख राहिली, तर जेलला दोष देऊ नका. जेल चांगलं झालंय, त्याला धरायला खाली काही नव्हतं. सिलेनचा दुवा गेला.

ठिपका फाटला, अर्धा सुईला आला आणि अर्धा काचेवर पातळ पापुद्र्यासारखा राहिला, तर सिलेनने आपलं काम चोख केलंय. जेल कच्चं आहे. दिवा, ऑक्सिजन, इनिशिएटर (प्रकाश पडताच जेल बनायला सुरुवात करून देणारं रसायन) यांच्याकडे बघायचं.

आणि ठिपका मध्ये घट्ट, पण कडेने उचललेला, सुकलेल्या पानाच्या कडेसारखा वर वळलेला दिसला, तर तो फुगण्याचा ताण आहे.

या तीन खुणा मला सुरुवातीलाच कोणी सांगितल्या असत्या, तर पहिल्या पावसाळ्यात मी जेलची कृती पाच वेळा बदलली नसती. क्रॉसलिंकर (जाळीचे धागे एकमेकांना जोडणारं रसायन) वाढवला, दिव्याखालचा वेळ दुप्पट केला, प्रोबचं प्रमाण घटवलं. सप्टेंबर संपला आणि ठिपके आपोआप टिकायला लागले. मला वाटलं, वेळ दुप्पट केल्याचा गुण आला. पुढच्या जूनमध्ये पहिल्याच खेपेला सगळी बाजू सुटून आली.

तेव्हा आमच्याकडे भांडी आणि स्लाइड धुण्याचं काम बघणारे मामा म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षी पण मृगातच असं झालं होतं की." मी नोंदवही उघडली. सुटलेल्या प्रत्येक खेपेची तारीख पावसाच्या दिवसांत. उघडीप असलेल्या आठवड्यातल्या खेपा बऱ्यापैकी टिकलेल्या. मामांनीच पुढे सिलेन लावलेली एक स्लाइड खिडकीकडे तिरकी धरून दाखवली. "हे बघा, हितं थेंब उभा राहतोय, हितं पसरायलाय. आधी असं नव्हतं."

त्या एका वाक्यात सगळं निदान होतं. नीट धुतलेल्या कोऱ्या काचेवर पाण्याचा थेंब सपाट पसरतो. सिलेन चांगलं बसलेल्या काचेवर तो आखडतो, घुमटासारखा उभा राहतो. एकाच स्लाइडवर इथे उभा आणि तिथे पसरलेला, म्हणजे सिलेन ठिगळाठिगळाने बसलंय. आमची रिकामी झालेली बाजू ही थेंब पसरणारी बाजू होती. आता छापण्याआधी प्रत्येक खेपेतल्या एका स्लाइडवर आम्ही पाच जागी थेंब टाकून बघतो. याला यंत्र लागत नाही, दोन मिनिटं लागतात. ती स्लाइड मात्र मग छपाईला वापरत नाही.

पाऊस सिलेनला काय करतो

सिलेनला पाणी लागतंच. पाण्याने त्याचे मिथॉक्सी गट निघून जातात, मिथॅनॉल सुटतं आणि सिलॅनॉल तयार होतात, तेच काचेला धरतात. पण हे पाणी मोजून दिलेलं हवं. जास्त झालं की सिलॅनॉल काचेपर्यंत पोचायच्या आधी एकमेकांनाच धरतात. त्यांचे गठ्ठे होतात आणि ते काचेवर नुसते साठतात. स्लाइड सुकल्यावर पांढुरकी झाक दिसली तर समजायचं. असा थर वरून जेलला छान धरतो, पण खाली काचेला धरत नाही. धुण्यात थर आणि जेल दोन्ही मिळून निघून जातात आणि काच लख्ख राहते.

पावसात हे जास्तीचं पाणी तीन वाटांनी येतं. पहिली वाट सिलेनच्या बाटलीची. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की दमट हवा आत जाते. ताजं सिलेन पाण्यासारखं पातळ आणि नितळ असतं, बिघडलेलं पाकासारखं दाट होत जातं. बाटली फ्रीजमधून काढून गार असतानाच उघडली, तर आतल्या भिंतीवर दव धरतं आणि एका दिवसात बाटलीचं आयुष्य संपतं. बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. दुसरी वाट अल्कोहोलची. निर्जल इथॅनॉल म्हणून आणलेली बाटली उघडल्यावर हवेतलं पाणी ओढत राहते. लेबलवर निर्जल लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. तिसरी वाट काचेची स्वतःची. हवेत ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता असली की काचेवर पाण्याचा अदृश्य थर बसलेला असतो. डोळ्यांना कोरडी दिसणारी स्लाइड कोरडी नसते.

आमची सध्याची कृती अशी आहे. स्लाइड आधी साबणाच्या पाण्याने, मग एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास, मग भरपूर शुद्ध पाण्याने. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं जे जहाल मिश्रण काही ठिकाणी सुचवतात, ते विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत आणू नका. त्याचे स्फोट होतात, आणि या कामाला त्याची गरजही नाही. मग स्लाइड ओव्हनमध्ये 110 अंशांवर सुकवून डेसिकेटरमध्ये (आत ओलावा शोषणारे दाणे असलेल्या बंद भांड्यात) गार करायच्या, हवेत नाही. पावसाळ्यात ही एक पायरी बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची. 200 मिलिलिटर इथॅनॉलमध्ये 1 मिलिलिटर सिलेन, आणि अगदी वापरायच्या क्षणी 6 मिलिलिटर सौम्य ॲसिटिक आम्ल (एक भाग आम्ल, दहा भाग पाणी). लागणारं पाणी या सहा मिलिलिटरमधूनच येतं, वेगळं घालायचं नाही. आम्लाचं कामही नेमकं आहे: सौम्य आम्लात सिलॅनॉल लवकर तयार होतात, पण एकमेकांना उशिरा धरतात. स्लाइड तीन-चार मिनिटं बुडवायच्या, ताज्या इथॅनॉलने खळबळायच्या आणि परत 110 अंशांवर दहा मिनिटं. द्रावण गढूळ दिसलं तर ते ओतून टाका, एकही स्लाइड त्यात घालू नका.

तयार स्लाइड सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) दाण्यांसकट बंद डब्यात, अंधारात ठेवायच्या. निळे दाणे गुलाबी झाले की ते दाणे तापवून परत निळे करायचे. आम्ही हे दर सोमवारी बघतो, पावसात दिवसाआड. डब्यावर तारीख लिहितो आणि चार आठवड्यांनंतरच्या स्लाइड फक्त शिकवायला वापरतो.

जेल कच्चं राहिलं असेल तर

ठिपका फाटून पापुद्रा उरत असेल, तर पहिला संशय ऑक्सिजनवर घ्या. यूव्हीखाली इनिशिएटरपासून तयार झालेले रॅडिकल (साखळी सुरू करणारे, चटकन चिकटणारे कण) ऑक्सिजन भेटला की त्यालाच चिकटतात आणि साखळी तिथेच थांबते. मोठ्या थेंबात फक्त वरचा थर चिकट राहतो. एक नॅनोलिटरचा थेंब म्हणजे दशांश मिलिमीटर बाजूच्या घनाएवढं द्रव. त्याला आतलं असं काही नसतंच, सगळं पृष्ठभागाजवळ. बाटलीत पाच मिनिटांत घट्ट होणारं मिश्रण स्लाइडवर पातळच राहतं ते यामुळे.

उपाय नायट्रोजनचा. पण इथे एक खड्डा आहे, त्यात आम्ही पडलो. सिलिंडरचा नायट्रोजन अगदी कोरडा असतो. तो थेट सोडला तर एवढे लहान थेंब बघता बघता सुकतात आणि यूव्ही लागेपर्यंत त्यांच्यात पाणीच उरत नाही. नायट्रोजन आधी पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत न्यायचा, म्हणजे तो ओला होऊन येतो. वर झाकण ठेवायचं असेल तर सिलिकॉन रबरचं ठेवू नका. त्या रबरातून (पीडीएमएस) ऑक्सिजन सहज आरपार जातो, त्याला लागून असलेला थर कच्चाच राहतो.

दिव्याचं म्हणाल, तर वेळेवर विश्वास ठेवू नका, मात्रेवर ठेवा. स्लाइड जिथे ठेवता तिथेच मीटर धरून मोजा. दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलिवॅट असेल, तर 60 सेकंदांत 600 मिलिज्यूल मिळतात. दिवा म्हातारा होऊन 5 वर आला, तर त्याच 60 सेकंदांत निम्मेच. पाऱ्याचा दिवा असेल तर लाइट जाऊन आल्यावर लगेच वापरू नका, त्याला पुन्हा तापून स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. जून-जुलैत लाइटचं काय असतं ते सांगायला नको. इर्गाक्युअर 2959 हा इनिशिएटर 365 नॅनोमीटरला फारच कमी प्रकाश शोषतो. लॅप नावाने मिळणारं लिथियमचं मीठ पाण्यात जास्त विरघळतं आणि तिथे जास्त प्रकाश घेतं, त्यामुळे थोड्या मात्रेत काम होतं. आम्ही त्यावर गेलो आणि परत मागे वळलो नाही. ॲक्रिलमाइड वापरत असाल तर हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू देऊ नका. घट्ट व्हायच्या आधी ते मज्जासंस्थेला घातक असतं.

कडेने उचलला जात असेल तर

मोकळं जेल पाण्यात चारी बाजूंनी फुगतं. काचेला बांधलेलं जेल आडवं पसरू शकत नाही, फक्त वर वाढतं, आणि तो सगळा ताण कडेवर येतो. ठिपका जितका जाड, तितकी ओढ जास्त. खारट बफरमधून (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातून) स्लाइड एकदम शुद्ध पाण्यात घातली, तर हा ताण एका झटक्यात येतो, विशेषतः विद्युतभार असलेल्या जेलमध्ये. डीएनए प्रोब ठासून भरलेलं जेलही त्यातच आलं. शेवटचं धुणं शुद्ध पाण्यात न करता पातळ एसएससी (मीठ आणि सोडियम सायट्रेट) बफरमध्ये थोडाच वेळ करा आणि पायरीपायरीने पातळ करत न्या. धुण्याचं द्रावण अल्कधर्मी आणि गरम असेल तर सिलेनचे काचेशी असलेले बंधही हळूहळू तुटतात, म्हणून पीएच 7च्या आसपास ठेवा.

अथणीत असाल तर वेगळं दुखणं

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीत पाऊस थांबत नाही आणि पूर्वेला अथणीकडे जाल तसा तो झपाट्याने कमी होतो. अथणीकडच्या एका मैत्रिणीने आमची कृती जशीच्या तशी नेली आणि तिच्याकडे एकही ठिपका सुटला नाही. पण सगळे ठिपके कड्यासारखे, मध्ये पोकळ. बेळगावात मार्च-एप्रिलच्या दुपारी आमच्याकडेही तसंच होतं. सांडलेल्या चहाचा डाग वाळताना कडेला गडद होतो, तेच हे. थेंबाच्या कडेला पाणी लवकर उडतं, ते भरून काढायला आतलं द्रव कडेकडे वाहतं आणि विरघळलेलं सगळं तिथे नेऊन टाकतं. रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली 'नेचर'मध्ये याचं कारण उलगडून दाखवलं. उपाय साधा आहे: मिश्रणात ग्लिसरॉल, छापण्याच्या पेटीत 60 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, आणि छापल्यावर यूव्हीपर्यंत उशीर नाही. म्हणजे सिलेन लावताना हवा कोरडी हवी आणि छापताना दमट. दोन्ही कामं एकाच खोलीत, एकाच दिवशी करू नका.

काही दोष सुटण्यासारखे दिसतात, पण ते वेगळे असतात. ठिपका जागेवर आहे, फक्त त्याची कडा उजळ आणि मध्य काळा, तर नमुना आत शिरलेला नाही. जाडी दुप्पट झाली की आत झिरपायला चौपट वेळ लागतो. नमुन्यातल्या डीएनएच्या प्रती काढून (पीसीआर) मिळालेले तुकडे लांब असतील तर आखूड करा. प्रथिनांचे ॲरे करणाऱ्यांनी आखूड साखळीच्या पीईजी डायॲक्रिलेटमधून अँटिबॉडी आत जाईल अशी आशा धरू नये. त्याची जाळी अँटिबॉडीपेक्षा बारीक असते. आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत स्लाइडवर पांढरे स्फटिक दिसले तर घाबरू नका, ते धुण्याच्या द्रावणातलं एसडीएस (साबणासारखं रसायन) गारठून बाहेर आलेलं असतं. द्रावण कोमट करून घ्या.

सिलेनच्या बाटलीचा प्रश्न आम्ही शेवटी असा सोडवला. नवी बाटली फेब्रुवारीत, कोरड्या हवेत, नायट्रोजनखाली एकदाच उघडतो आणि 1 मिलिलिटरच्या कुप्यांत वाटून टाकतो. कुप्या सीलबंद करून, सिलिका जेलच्या डब्यात, फ्रीजमध्ये. एका खेपेला एक कुपी, ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडायची. उरलेलं परत कुपीत ओतायचं नाही. मामांनी प्रत्येक कुपीच्या झाकणावर निळ्या शाईने महिना लिहून ठेवलाय.